तिची प्रार्थना, आमचं घर: फॉस्टर पालकांशी बोलायचं आहे

उंबरठा (धागाकर्ती)

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण हे घरात बोलून सुटत नाही आणि ओळखीच्यांत बोलायची परवानगी नाही.

आम्ही फॉस्टर पालक आहोत, म्हणजे ज्या मुलांना स्वतःच्या घरी राहता येत नाही त्यांना काही काळ आमच्या घरी सांभाळतो. साडेचार महिन्यांपूर्वी आमच्याकडे एक मुलगी आली. शाळेत जाण्याइतकी मोठी आहे, एवढंच सांगते. तिचं नाव, नेमकं वय, तिचा धर्म, आमचा धर्म, आम्ही कुठे राहतो, यातलं काहीही इथे लिहिणार नाही. कृपया विचारू नका आणि अंदाजही बांधू नका. तिचा धर्म आमच्यापेक्षा वेगळा आहे, इतकं या धाग्यासाठी पुरेसं आहे.

आली त्या दिवशी तिच्या गळ्यात एक छोटा ताईत होता. दोरा मळून कडक झालेला. अंघोळीच्या वेळी मी तो काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नवा दोरा आणून जुना कचऱ्यात टाकला. मला वाटलं, तिला काहीतरी स्वच्छ, नवं देतेय. तो दोरा तिच्या आईने बांधला होता. गाठ आईच्या हातची होती. हे मला तिने सांगितलं नाही, नंतर तिची केस बघणाऱ्या केसवर्करकडून कळलं. ती रडलीसुद्धा नाही. कचऱ्याच्या डब्यापाशी जाऊन उभी राहिली. डबा रिकामा झाला होता. तेव्हापासून ताईत ती मुठीत धरून झोपते, नव्या दोऱ्यात ओवू देत नाही.

दुसरी गोष्ट. आमच्या घरी संध्याकाळी सगळे मिळून प्रार्थनेला बसतो. पहिल्याच दिवशी तिला सांगितलं होतं, हवं तर बस, नको तर नको. ती रोज बसायची. आमच्यासारखे हात ठेवायची, आमच्यासारखे डोळे मिटायची. महिन्याभरात शब्दही पाठ झाले. सासूबाई म्हणाल्या, "रुळली गं पोर." मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

मागच्या आठवड्यात रात्री तिचं पांघरूण नीट करायला गेले. ती जागी होती, भिंतीकडे तोंड करून पुटपुटत होती. तिची प्रार्थना होती, तिच्या घरची. ती संपल्यावर ती माफी मागायला लागली. संध्याकाळी आमच्या प्रार्थनेला बसल्याबद्दल. "मी खरं खरं नाही म्हणत, फक्त तोंड हलवते," असं ती तिच्या देवाला समजावत होती.

मी दारातूनच परत फिरले. साडेचार महिने हे मूल रोज संध्याकाळी आम्हाला खूश ठेवत होतं आणि रोज रात्री त्याची माफी मागत होतं. आणि मी समजत होते की आम्ही तिच्या धर्माचा मान राखतोय, कारण आम्ही कधी काही बोललो नाही.

काय करायला हवं होतं? आता काय करू? आणि नियम नेमका काय आहे?

---

खारुताई

ताई, वाचून पोटात कालवलं. स्वतःला फार बोल लावू नका, दोऱ्याचं तुम्हाला कळणार तरी कसं होतं. केसवर्करशी बोललात का या रात्रीबद्दल? आणि तिच्या आईपर्यंत हे पोचलंय का?

---

मोजपट्टी

मुलांच्या हक्कांसंबंधी कायद्याचं काम करते, म्हणून नियमापुरतं लिहिते.

सगळ्याच्या मुळाशी संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार आहे. त्याचं कलम १४ विचाराचं, विवेकाचं आणि धर्माचं स्वातंत्र्य थेट मुलाला देतं. आईवडिलांनी वाट दाखवायची, पण मुलाची समज जसजशी वाढेल त्या बेताने. कलम २० खास अशा मुलांसाठी आहे ज्यांना स्वतःच्या घरी राहता येत नाही. त्यांची सोय करताना त्यांच्या वाढण्यात खंड पडू नये आणि त्यांची वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक, भाषिक पार्श्वभूमी लक्षात घ्यावी, असं त्यात म्हटलंय. त्या कलमात फॉस्टर केअर आणि दत्तक यांच्या जोडीला इस्लामी परंपरेतल्या कफालाचंही (दत्तक न घेता मूल सांभाळण्याची रीत) नाव आहे. दुसऱ्याचं मूल सांभाळण्याच्या रीती जगात अनेक आहेत याचं भान मसुदा करणाऱ्यांना होतं, हे मला नेहमी आवडतं.

तुमच्या घरातल्या प्रश्नाला सर्वांत जवळचं आहे ते संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००९ साली स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या मार्गदर्शक तत्त्वांमधलं ८८ वं. मुलाला आपल्या धार्मिक गरजा भागवता आल्या पाहिजेत, त्याच्या धर्मातली जाणकार व्यक्ती त्याला भेटू शकली पाहिजे. प्रार्थनेत, धर्मशिक्षणात भाग घ्यायचा की नाही हे त्याला मोकळेपणाने ठरवता आलं पाहिजे. आणि दुसऱ्याकडे राहत असताना धर्म किंवा श्रद्धा बदलायला कोणी उत्तेजन देऊ नये, मन वळवू नये.

यातल्या 'मोकळेपणाने' या शब्दापाशी मी थांबते. तुम्ही म्हणालात, हवं तर बस. तुमच्या बाजूने ती पूर्ण मोकळीक होती. पण उद्या आपण याच घरात असू का हे ज्या मुलाला माहीत नाही, त्याला 'हवं तर' हे शब्द ऐकूच येत नाहीत. त्याला एवढंच दिसतं की सगळे बसलेत.

देशोदेशींचे कायदे वेगवेगळे आहेत. इंग्लंड-वेल्सच्या १९८९ च्या चिल्ड्रेन ॲक्टमध्ये तर सरळ बंधन आहे: न्यायालयाच्या आदेशाने मूल स्थानिक प्राधिकरणाकडे आलं, तरी ते ज्या धर्मात वाढलं असतं त्याखेरीज दुसऱ्या धर्मात त्याला वाढवायचं नाही. म्हणजे बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा निर्णय प्राधिकरणाच्या हाती येतो, हा येत नाही.

---

साधं_मत

मी वेगळं मत मांडतो, राग नसावा. मूल जन्मतः कुठल्याच धर्माचं नसतं. धर्म आईवडिलांचा असतो. आईवडिलांना काही कारणाने सांभाळता आलं नाही म्हणूनच ते दुसऱ्या घरी आलं. आता ज्या घराने जीव लावला, आजारपणात रात्री जागून काढल्या, त्या घराचे संस्कार त्याला लागले तर त्यात वाईट काय? घराला एक लय असते. सगळे एकत्र बसलेत आणि एकच मूल वेगळ्या खोलीत, हे त्याला जास्त परकं करणार नाही का?

मनापासून विचारतोय. धागाकर्तीने काही चुकीचं केलं असं मला तरी वाटत नाही.

---

मोजपट्टी

साधं_मत, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून एक घडलेली गोष्ट सांगते. फ्रान्समधली. १९४४ मध्ये एका ज्यू दांपत्याला अटक झाली आणि छावणीकडे पाठवलं गेलं. ते परत आले नाहीत. त्यांची दोन लहान मुलं ग्रेनोब्लमध्ये एका कॅथलिक बाईंकडे होती. त्या बाईंनी मुलांचा जीव वाचवला, स्वतःच्या जिवावर उदार होऊन. यात शंकाच नाही. युद्ध संपल्यावर १९४५ पासून मुलांच्या आत्या त्यांना मागत होत्या. बाईंनी दिली नाहीत. १९४८ साली मुलांचा बाप्तिस्मा झाला. पुढे न्यायालयाने मुलं परत द्या म्हटल्यावर त्यांना लपवलं, सीमेपार स्पेनमध्ये नेलं गेलं. १९५३ मध्ये ती नातेवाइकांच्या हाती आली. फिनाली प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं.

त्या बाईंची माया खोटी नव्हती. मायेतूनच हे सगळं झालं. जीव वाचवला, जागरणं केली, म्हणून आता हे मूल आतून-बाहेरून माझं, असा हिशोब मनात कसा तयार होतो ते त्यात दिसतं. आपल्याकडे एक शब्द आहे, ठेव. फॉस्टर केअरमध्ये मूल जे घेऊन येतं ती ठेव असते. कोणी आपल्याकडे विश्वासाने काही ठेवलं, तर आपल्या आवडीचं नाही म्हणून आपण ते वितळवून दुसरं घडवत नाही.

---

दुसरं_घर

खूप वर्षांनी लॉगिन झालो, या धाग्यासाठी.

मी सातव्या वर्षापासून अठरापर्यंत तीन फॉस्टर घरांत राहिलो. तिन्ही घरं चांगली होती. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही, धर्म बदल असं कोणी एकदाही म्हटलं नाही.

माझी आजी झोपताना एक प्रार्थना म्हणायची. अकरा ओळींची. पहिल्या घरात मी ती रोज मनात म्हणायचो. मोठ्याने म्हणायला कोणी मनाई केली नव्हती, पण कोणी विचारलंही नव्हतं, आणि न विचारलेली गोष्ट मुलं करत नाहीत. दुसऱ्या घरात कधीतरी मधल्या ओळी अडखळायला लागल्या. दहा वर्षांचा असताना एका रात्री लक्षात आलं की सातवी ओळ आठवत नाही. सहावीवरून थेट आठवीवर जात होतो. आजी तोवर गेली होती. मी अंथरुणात बसून सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा म्हणून बघितलं, म्हणजे ओघात येईल. नाही आली.

आज मी फारसा धार्मिक नाही. देव आहे की नाही यावर माझं मत अजून पक्कं नाही. तरी ती सातवी ओळ मला हवी आहे.

साधं_मत, तुम्ही परकेपणाबद्दल विचारलंत. मी सांगतो तो कधी वाटतो. सगळ्यांसारखं दिसावं लागतं तेव्हा वाटतो. तिसऱ्या घरातले बाबा (त्यांना मी शेवटी बाबाच म्हणायला लागलो) वेगळ्या धर्माचे होते, आणि फार श्रद्धाळू. ते पहिल्या आठवड्यात म्हणाले, "तुझ्या घरी झोपताना काय म्हणायचे?" मी दहा ओळी म्हणून दाखवल्या. त्यांनी कागदावर लिहून घेतल्या आणि सातव्या जागी कोरी ओळ सोडली. मग दर आठवड्याला मला माझ्या धर्माच्या प्रार्थनास्थळी न्यायचे आणि तासभर बाहेर पायरीवर बसून राहायचे. ऊन असो, पाऊस असो. आत यायला त्यांना कोणी अडवलं नसतं, पण ते म्हणायचे, ही तुझी जागा आहे.

तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंना ती प्रार्थना येत होती. सातवी ओळ मिळाली. पण शब्द थोडे निराळे होते, आजीचे नव्हते. बाबांनी कागदावर ती पेन्सिलने लिहिली. म्हणाले, आजीची आठवली तर पेनने लिहू. कागद अजून माझ्याजवळ आहे, ओळ पेन्सिलचीच आहे.

उंबरठा ताई, तिची प्रार्थना तिला विचारून लिहून घ्या. लवकर.

---

खारुताई

दुसरं_घर, काय लिहू कळत नाही. धन्यवाद, एवढंच.

---

निरभ्र

आम्ही दोघंही देव न मानणारे, आणि आमच्याकडे आलेला मुलगा अतिशय श्रद्धाळू घरातला. उंबरठांचा अनुभव वाचताना जाणवलं की आमची चूक वेगळ्या तऱ्हेची पण तशीच होती. आम्हाला वाटायचं की आमच्याकडे धर्मच नाही, म्हणजे आम्ही तटस्थ. तसं नसतं. तो प्रार्थना करून उठला की मी "झालं का?" असं विचारायचे, दात घासून झाले का विचारावं त्या आवाजात. त्याने देवाचं नाव काढलं की आमच्यात एक शांतता पसरायची. मुलं शांतता फार चटकन वाचतात.

एकदा त्याने विचारलं, "तुम्ही मेल्यावर नरकात जाणार का?" त्याला तसं शिकवलेलं होतं. नवऱ्याच्या तोंडावर आलं होतं की नरक वगैरे काही नसतं रे. पण पोराचा चेहरा पाहिला तर तो घाबरलेला होता. आमच्यासाठी. त्याचं एक घर आधीच सुटलं होतं, आता हे दुसरंही आगीत जाणार अशी भीती. मी त्याला जवळ घेतलं आणि म्हटलं, "तुला आमची काळजी वाटते, होय ना?" तो रडला. मग म्हणाला, मी तुमच्यासाठी रोज मागीन. आम्ही म्हटलं, माग.

तो वाद घालायचा क्षण नव्हता. त्याच्या मोठं होण्यात अशा प्रश्नांना पुढे भरपूर जागा आहे, आणि ते प्रश्न त्याचे त्याला पडू देत.

---

पायवाट

मी ३० वर्षं मुलांना घरं शोधून द्यायचं काम केलं, आता निवृत्त आहे. थोडं कामाचं लिहितो.

फॉर्मवर 'धर्म' असा एक रकाना असतो आणि त्यात एक शब्द असतो. त्या शब्दाने जवळजवळ काहीच कळत नाही. एकच शब्द लिहिलेल्या दोन घरांत एक रोज पाच वेळा प्रार्थना करणारं असतं आणि दुसरं वर्षातून एकदा. त्यामुळे मुलाला "तुझा धर्म कोणता" विचारण्यापेक्षा "तुमच्या घरी सकाळी उठल्यावर काय करायचे, झोपताना काय करायचे, कुठल्या दिवसाची तू वाट बघायचास" असं विचारावं. दुसरं_घर यांच्या बाबांनी नेमकं तेच विचारलं.

पहिल्याच दिवशी अंगावरच्या कुठल्याही वस्तूला न विचारता हात लावू नये. दोरा, माळ, कडं, डोक्यावरचं कापड. मळलेलं असलं तरी. आणि केस. शीख मुलाचे केस कोणीतरी 'सोयीसाठी' कापले, तर ते परत यायला वर्षं लागतात आणि मनातली जखम त्याहून जास्त. खाण्याबद्दल विचारताना फक्त जेवणाच्या ताटापुरतं विचारू नका. औषधाच्या कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यापासून केलेलं असतं. मी एक मुलगी पाहिली आहे जी आठवडाभर गोळ्या उशीखाली लपवत होती. हट्टी म्हणून तिची नोंद झाली. डॉक्टरांना विचारलं तर तेच औषध पातळ मिळत होतं.

उपवासाचं डोकं शांत ठेवून बघावं. उदाहरणार्थ रमजानचे रोजे वयात येण्याआधी मुलांवर बंधनकारक नसतात, पण बरीच मुलं हौसेने अर्धा दिवस धरतात, घरच्यांबरोबर केल्याची आठवण असते ती. सरसकट "तू लहान आहेस, नको" म्हणण्याआधी आईवडिलांना आणि डॉक्टरांना विचारा. सणांच्या तारखाही आधी काढून भिंतीवर लावा. इस्लामी दिनदर्शिका पूर्णपणे चंद्रावर चालते, त्यामुळे ते सण दर वर्षी साधारण १० ते ११ दिवस आधी येतात. मागच्या वर्षीची तारीख धरून बसलात तर सण निघून जातो, आणि मूल काही बोलत नाही.

त्या धर्मातली माणसं शोधताना एक काळजी घ्या, हे मी मुद्दाम ठासून सांगतो. माणूस कितीही मानाचा असो, केसवर्करला कळवल्याशिवाय आणि रीतसर पडताळणी झाल्याशिवाय मुलाला एकटं त्याच्याबरोबर सोडायचं नाही. श्रद्धेचा मान राखायचा म्हणून सुरक्षेचे नियम सैल होत नाहीत.

आणि काही मुलांना धर्माच्या नावाखालीच दुखापत झालेली असते. त्यांना "तुझी प्रार्थना म्हण ना" असा प्रेमळ आग्रहसुद्धा जाच होतो. आधी मूल बघा.

---

परतलेलं_पाखरू

मी त्या बाजूची आहे. माझा मुलगा १४ महिने दुसऱ्या घरी होता. कारणं सांगत नाही, माझी होती, आता मी बरी आहे आणि तो माझ्याजवळ आहे.

भेटीला एक तास मिळायचा. पहिल्या भेटीत तो आमच्या पद्धतीने मला भेटला, जे शब्द आम्ही भेटल्यावर म्हणतो ते म्हणाला. चौथ्या भेटीत नुसता हात हलवला. मी काही बोलले नाही. बोलले असते तर 'आईने भेटीत ताण दिला' असं लिहिलं गेलं असतं. घरी जाऊन भिंतीवर डोकं टेकून बसले.

सहाव्या भेटीआधी केसवर्करने एक चिठ्ठी दिली. फॉस्टर आईने विचारलं होतं: तुमचा सण येतोय, तुम्ही घरी काय करता, क्रमाने लिहून द्याल का, आणि त्याला कुठला भाग सगळ्यात आवडतो? मी चार पानं लिहिली. तोवर सगळ्या कागदांवर मी नालायक होते. त्या एका चिठ्ठीत मला कोणीतरी आई समजून काही विचारलं होतं.

उंबरठा ताई, तिच्या आईला विचारा. दोऱ्याचंही सांगा. ती रागावेल. तरी सांगा.

---

मोजपट्टी

पाखरू, तुमचा प्रतिसाद वाचून एक निकाल सांगावासा वाटतो. केनियात जन्मलेलं बाळ घेऊन एक सोमाली आई २०१० मध्ये नॉर्वेला आली. मूल तिच्याकडून काढून फॉस्टर केअरमध्ये ठेवलं गेलं. माझ्या नात्यातल्या कोणाकडे, नाहीतर सोमाली किंवा मुस्लिम घरात ठेवा असं तिने सांगितलं होतं. ठेवलं ते एका ख्रिस्ती घरात, आणि पुढे त्याच घराला दत्तक घ्यायची परवानगीही मिळाली. खटला युरोपीय मानवाधिकार न्यायालयापर्यंत गेला. १० डिसेंबर २०२१ रोजी त्याच्या ग्रँड चेंबरने (सर्वांत मोठ्या पीठाने) आईच्या बाजूने निकाल दिला: कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाला, आणि तो धर्मस्वातंत्र्याच्या कलमाच्या उजेडात वाचायला हवा.

न्यायालयाने असं म्हटलं नाही की प्रत्येक वेळी त्याच धर्माचं घर मिळालंच पाहिजे. तसं घर कित्येकदा नसतं, आणि मूल रस्त्यावर ठेवता येत नाही. पण प्रयत्न केल्याचं दिसलं पाहिजे, आणि घर वेगळं असलं तरी मुलाचा मुळाशी काही धागा टिकेल असं बघितलं पाहिजे.

अमेरिकेत हाच प्रश्न मूळनिवासी जमातींच्या बाबतीत फार मोठ्या प्रमाणावर घडला. १९७० च्या दशकात काँग्रेससमोर, म्हणजे तिथल्या संसदेसमोर, आलेल्या सर्वेक्षणांत या जमातींची २५ ते ३५ टक्के मुलं घरांतून काढली गेल्याचं दिसलं, आणि त्यातली बहुतेक जमातीबाहेरच्या घरांत गेली. म्हणून १९७८ चा इंडियन चाइल्ड वेल्फेअर ॲक्ट आला: आधी नातेवाईक, मग जमात, मग इतर मूळनिवासी घरं. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो टिकवून धरला. एका घराची चूक एका मुलाला भोवते. तीच चूक हजारो घरांनी चांगल्या हेतूने केली की एका समाजाची भाषा, गाणी, प्रार्थना बोलणारी पिढीच उरत नाही.

---

कातरवेळ

उलट बाजूचं विचारते. आमच्याकडची मुलगी १५ वर्षांची. तिचे आईवडील दर आठवड्याला निरोप धाडतात की तिला प्रार्थनेला न्या. ती म्हणते, माझा विश्वास उरलेला नाही, जबरदस्ती करू नका. कोणाचा मान राखायचा? आणि याआधी आमच्याकडे एक लहान मुलगा होता, त्याला फिट्स यायच्या. घरच्यांच्या मते ती बाहेरची बाधा, औषधाने देव कोपतो. तिथे मी सरळ औषध दिलं. अजून कधी कधी वाटतं की मीही त्यांच्या श्रद्धेवर पाय दिला का?

---

पायवाट

औषध दिलंत ते योग्यच केलंत, मनातून काढून टाका. मुलाच्या जिवावर, शरीरावर बेततं तिथे श्रद्धेची हद्द संपते, मग ती आईवडिलांची असो की फॉस्टर पालकांची. फक्त ते करताना त्या पोराला "तुझ्या घरचे अडाणी" असं ऐकू येता कामा नये. "तुझ्या घरच्यांना तू बरा व्हायला हवा होतास, डॉक्टरांनाही तेच हवंय" एवढं त्याला पुरतं.

---

मोजपट्टी

कायदाही तेच म्हणतो. १९४४ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, आपल्याकडे सांभाळायला असलेल्या ९ वर्षांच्या मुलीला घेऊन रस्त्यावर धार्मिक मासिकं वाटणाऱ्या एका बाईंच्या खटल्यात, सांगून टाकलं होतं की मोठ्यांनी स्वतःच्या श्रद्धेसाठी काय सोसायचं ते सोसावं, मुलाच्या वतीने तो निर्णय त्यांनी घ्यायचा नाही.

१५ वर्षांच्या मुलीबद्दल: जर्मनीत १९२१ पासून कायदा आहे की १४ पूर्ण झाली की धर्म कोणता हे मूल स्वतः ठरवतं, आणि १२ नंतर त्याच्या इच्छेविरुद्ध दुसऱ्या धर्मात त्याला वाढवता येत नाही. प्रत्येक देशात असं वय लिहिलेलं नाही, पण करारातली 'वाढती समज' सगळीकडे लागू आहे. तिला ओढून नेऊ नका. तिच्या आईवडिलांना केसवर्करमार्फत खरं कळवा, तुमच्या घराने तिला फिरवलं असं त्यांना वाटू नये. आणि दार उघडं ठेवा. १५ व्या वर्षी "विश्वास उरलेला नाही" यामागे कधी विचार असतो, कधी आईवडिलांवरचा राग असतो, कधी दोन्ही. ते तिचं तिला उलगडू दे.

मघाशी मी ठेव म्हटलं, त्यात एक भर घालते. मूल वाढतं तशी ती ठेव त्याच्या स्वतःच्या हातात द्यायची असते. त्याने ती ठेवली, बदलली, टाकली, तो त्याचा अधिकार.

---

साधं_मत

सगळं वाचलं. दोन दिवस विचार करत होतो. घराला एक लय असावी हे माझं मत अजून आहे. पण दुसरं_घर यांच्या बाबांचंही घरच होतं आणि लयही होती. पायरीवर बसणं हा त्या लयीचाच भाग होता. हे मला आधी सुचलं नव्हतं. 'आईवडिलांना सांभाळता आलं नाही' हे मी फार सहज लिहिलं होतं. परतलेलं_पाखरू ताई, माफ करा.

---

परतलेलं_पाखरू

मनात ठेवलं नाही, दादा.

---

उंबरठा

पाच आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे प्रतिसाद छापून ठेवलेत, मिस्टरांनी आणि सासूबाईंनीही वाचले. सासूबाई सातव्या ओळीपाशी थांबल्या आणि चष्मा काढून बसल्या.

केसवर्करला दोन्ही गोष्टी सांगितल्या. तिच्या आईची भेट दोनदा रद्द झाली, तिसऱ्यांदा झाली. मी समोर गेले नाही, पण पत्र दिलं होतं, त्यात दोऱ्याचं सगळं लिहिलं होतं. पाखरू म्हणाली तशी आई रागावली. भेटीतला बराच वेळ त्यावरच गेला असं कळलं. शेवटी तिने स्वतःजवळचा एक दोरा काढून मुलीला दिला. मुलीने तो तिथे बांधून घेतला नाही. खिशात ठेवला. का ते मला माहीत नाही आणि मी विचारलेलं नाही.

आमची संध्याकाळची प्रार्थना आम्ही बदलली नाही, पण त्याच वेळी आता तिच्यासाठी दुसरं काम नेमून दिलंय, जे तिला आवडतं. 'हवं तर बस' असं म्हणणं बंद केलं. पहिले काही दिवस ती दाराशी येऊन बघून जायची की आम्ही रागावलोय का. परवा येऊन बसली. मी विचारलं, "बसायचंय तुला?" म्हणाली, "मी फक्त बसते, म्हणत नाही." मग बसली, हात मांडीवर, डोळे उघडे. सासूबाईंनी तिच्यासाठी थोडं सरकून जागा केली.

तिची प्रार्थना तिने लिहू दिली, पण स्वतःच्या हाताने. मला वाचायला दिली नाही. वही तिच्या खणात आहे, आईने दिलेला दोराही तिथेच. ताईत अजून मुठीतच असतो झोपताना. त्या खणाची साफसफाई ती स्वतः करते.